साकव अंशतः वाहून गेला : कोल्हापूरच्या आमदारांना एका निवृत्त कारकुनाचं खुलं पत्र

सन्माननीय आमदार महोदय,

चंदगडपासून शिरोळपर्यंत विधानसभेतले तुम्ही दहा जण, आणि विधान परिषदेत आपल्या जिल्ह्याचं नाव सांगणारे सदस्य, सगळ्यांनाच हे पत्र.

गेल्या मंगळवारी दुपारी मला माझ्या जुन्या कार्यालयातून फोन आला. निवृत्त होऊन मला पाच वर्षं झाली. माझ्या टेबलावर आता बसणारा पोरगा कामाला चोख आहे, पण अधिवेशन तोंडावर आलं की त्याचाही आवाज बारीक होतो. म्हणाला, "सर, एलएक्यू आलंय. वाडीच्या साकवाचं. तुमच्या टायमाला एक उत्तर गेलं होतं म्हणे. कुठल्या फाईलला असंल?"

एलएक्यू म्हणजे आमदारांनी विधानसभेत विचारलेला प्रश्न. मी सांगितलं, खिडकीजवळचं कपाट, खालचा कप्पा, निळी फाईल. जुन्या माणसाला असल्या गोष्टी झोपेतही आठवतात. मग म्हटलं, "फाईल राहू दे बाजूला. एकदा जाऊन बघून ये साकव."

"सर, चार वाजेपर्यंत पाठवायचंय."

तेव्हा पावणेदोन वाजले होते. कोल्हापुरातून त्या वाडीला जायलाच दीड तास लागतो.

सभागृहात प्रश्नांची उत्तरं मंत्री देतात, असं लोक धरून चालतात. मंत्री वाचतात. लिहितो आमच्यासारखा कारकून, आणि तोही बऱ्याचदा दोन तासांत, खुर्चीतून न उठता. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि कार्यालय अधीक्षक म्हणून बाहेर पडलो, तेवढ्या काळात तुमच्या नाही तर तुमच्या आधीच्या आमदारांच्या शेकडो प्रश्नांची उत्तरं माझ्या हातून गेली. कार्यालयाचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण ही रीत सगळीकडची.

तर त्या साकवाची गोष्ट. ओढ्यापलीकडे तीसेक उंबरे, अलीकडे शाळा आणि एसटीचा थांबा. मध्ये साकव. एका पावसाळ्यात तो गेला. हिवाळी अधिवेशनाला प्रश्न आला, नेहमीच्या साच्यातला. अमुक तालुक्यातील अमुक वाडीचा साकव अतिवृष्टीत वाहून गेल्याचे माहे ऑगस्टमध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, त्यामुळे विद्यार्थी व ग्रामस्थांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय. असल्यास, उक्त साकव नव्याने बांधण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

मी तालुक्याला फोन लावला. तिथल्या माणसानं ग्रामसेवकाला लावला. ग्रामसेवकाकडं चार गावांचा चार्ज, तो भलत्याच गावात होता. तो म्हणाला, "खांब हाईत अजून." तेवढ्यावर मी उत्तर लिहिलं: "हे अंशतः खरे आहे. अतिवृष्टीमुळे साकवाचा काही भाग क्षतिग्रस्त झाला आहे. निधीच्या उपलब्धतेनुसार दुरुस्तीची कार्यवाही करण्यात येईल." शेवटच्या भागाला "प्रश्न उद्भवत नाही." साहेबांनी एक स्वल्पविराम बदलला आणि सही केली. ते उत्तर पुण्याला गेलं, तिथून मंत्रालयात गेलं, छापलं गेलं. झालं.

दोन वर्षांनी एका लग्नाला त्या बाजूला गेलो होतो. जेवणं व्हायला वेळ होता म्हणून पाय मोकळे करायला ओढ्याकडं गेलो. दोन खांब उभे होते. दगडी, चांगले दणकट. त्यांच्यामध्ये काहीच नव्हतं. अलीकडून पलीकडं बाभळीचे दोन ओंडके टाकलेले, हाताला धरायला एक तार ताणलेली, आणि तारेला जागोजागी चिंध्या बांधलेल्या, अंधारात दिसाव्या म्हणून. एक म्हातारी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन त्या ओंडक्यांवरून आली. मला बघून म्हणाली, "पाव्हणं, सरकारी हाईसा व्हय? आमदारांनी मुंबईत इचारलंय म्हणं आमच्या साकवाचं. काय झालं त्याचं?"

मी लग्नाला आलोय, एवढंच सांगितलं.

तीन अक्षरांचा तो शब्द, 'अंशतः', आमच्या कामात सोन्याचा आहे. तो खोटा नसतो. खांब उभे होते, म्हणजे साकव पूर्ण गेला नव्हता. हक्कभंगाची भीती नाही, चौकशीची नाही. आणि असे शब्द आमच्या पोतडीत बरेच. 'माहिती घेण्यात येत आहे.' 'बाब शासनाच्या विचाराधीन आहे.' 'नियमानुसार कार्यवाही सुरू आहे.' हे मी आता सांगतोय ते कुणाची बदनामी करायला नव्हे. तुमच्या प्रश्नाचं आमच्या टेबलावर काय होतं ते कळलं, तर तुम्ही प्रश्न वेगळा लिहाल, एवढ्यासाठी.

आमची सगळ्यात सोपी सुटका 'हे खरे आहे काय' या चार शब्दांत असते. समजा, प्रश्नात लिहिलंय की अमुक तालुक्यातल्या पन्नास गावांत नळाला पाणी येत नाही, हे खरे आहे काय. आम्ही यादी काढतो. गावं निघतात सत्तेचाळीस. मग उत्तर काय? 'हे खरे नाही.' पहिल्या भागाला 'खरे नाही' आलं की खालच्या सगळ्या 'असल्यास'ना आपोआप 'प्रश्न उद्भवत नाही.' सत्तेचाळीस गावांच्या घागरी तीन गावांच्या फरकात बुडाल्या. हे उत्तर लिहिताना कुणाचा हात थरथरत नाही, उलट टेबलावर हशा होतो, चहा येतो. मीही हसलोय.

आता तुमचे प्रश्न कसे तयार होतात तेही आम्हाला कळत असायचं. पेपरातलं कात्रण, पीएनं साच्यात घातलेलं. 'निदर्शनास आले' म्हणजे पेपरात आले. एका प्रश्नाखाली वीस-पंचवीस सदस्यांची नावं. त्यातल्या किती जणांना आपण हा प्रश्न विचारलाय हे माहीत असायचं, देव जाणे. कात्रणातला आकडा चुकलेला असला की आमचं काम झालंच म्हणा.

पण एकदा मात्र आम्ही घाबरलो. खरोखर घाबरलो.

तो प्रश्न कुणाचा ते सांगत नाही, सदस्य आता हयात नाहीत. त्यात 'हे खरे आहे काय' नव्हतंच. सरळ विचारलं होतं: गेल्या तीन वर्षांत अमुक लेखाशीर्षाखाली तालुक्यात किती कामं मंजूर झाली, आणि प्रत्येक कामाचा गावनिहाय तपशील द्यावा. प्रशासकीय मान्यतेचा दिनांक, कार्यारंभ आदेशाचा दिनांक, देयक अदा केल्याचा दिनांक. बस्स. एकही विशेषण नाही, गैरसोय नाही, संताप नाही. तीन तारखा.

त्या तीन तारखांनी आमचे तीन दिवस खाल्ले. रात्री नऊ-नऊपर्यंत कार्यालय उघडं. अधिवेशनाच्या काळात मुख्यालय सोडायचं नाही असा आदेश असतोच, त्या वेळी खुर्चीही सोडली नाही. खालच्या टपरीवरून भजी आणि चहा. मोजमाप पुस्तकं काढली, धूळ झटकली. तिसऱ्या रात्री एका रस्त्याच्या कामाच्या तारखा ओळीत मांडल्या आणि माझ्या शेजारचा लेखनिक गप्प झाला. देयक आधीचं होतं, कार्यारंभ आदेश नंतरचा. पैसे दिले, मग काम सुरू करा म्हणून सांगितलं.

साहेबांनी तो तक्ता दोनदा बघितला. पाणी मागितलं.

पुढं काय झालं ते ऐका. तो प्रश्न यादीत खाली होता. सभागृहात तिथवर पोचायच्या आत प्रश्नोत्तराचा तास संपला. उत्तर पटलावर ठेवलं गेलं, म्हणजे छापील गठ्ठ्यात गेलं. त्यावर कुणी बोललं नाही, पेपरात आलं नाही. पण इकडं आठ दिवसांत त्या रस्त्यावर खडी पडली आणि रोलर फिरला. विधानसभेत चकार शब्द न निघता काम झालं. कारण प्रश्न मुंबईत विचारला जायच्या आधी तालुक्याच्या टेबलावर पोचला होता, आणि तिथं त्यानं जे करायचं ते केलं होतं.

तुम्हाला सभागृह दिसतं, अध्यक्ष दिसतात, कॅमेरा दिसतो. आम्हाला तो कागद दिसायचा. तुमचा प्रश्न खरा चालतो तो ह्या कागदावर, अधिवेशनाच्या आधीच्या त्या दोन-तीन आठवड्यांत. कागद धारदार असला तर अर्धी लढाई कागल नाही तर गारगोटीच्या कुठल्यातरी कचेरीतच झालेली असते. बोथट असला तर तुम्ही सभागृहात कितीही घसा ताणा, 'अंशतः' तयार असतं.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, त्यातली बहुतेक वर्षं विरोधी बाकावर बसले. आपल्याकडं एन. डी. पाटील आधी विधान परिषदेत आणि मग १९८५ ते १९९० कोल्हापूरचे आमदार म्हणून विधानसभेत. मी नोकरीला लागलो तेव्हाचे जुने कारकून त्यांच्या अभ्यासाची गोष्ट सांगताना आवाज जरा खाली आणायचे. आणि दिल्लीचं बघायचं तर १९५७ मध्ये फिरोज गांधी स्वतः सत्ताधारी पक्षाचे खासदार, पंतप्रधानांचे जावई. नुकत्याच जन्मलेल्या आयुर्विमा महामंडळानं एका उद्योगपतीच्या कंपन्यांत सव्वा कोटी रुपये का गुंतवले, हे त्यांनी लोकसभेत धसास लावलं. चौकशी बसली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना घरी जावं लागलं. सत्तेच्या बाकावर बसून विचारता येत नाही, असं कुणी म्हणालं की मला हे नाव आठवतं.

आणि ते आठवायचं कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत कोल्हापूरच्या दहाच्या दहा जागा महायुती आणि तिच्या सोबतच्यांकडं गेल्या. दहा आमदार, सगळे एकाच बाजूचे. त्यातले दोघे मंत्री झाले, राधानगरीकडं सार्वजनिक आरोग्य आलं आणि कागलकडं वैद्यकीय शिक्षण. एका जिल्ह्याला ही दोन्ही खाती मिळाली म्हणून गुलाल उधळला गेला, मीही पेढा खाल्ला. पण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तर देतात. म्हणजे उरले आठ. आणि राज्यात कोणत्याच विरोधी पक्षाला २८८ च्या दहा टक्के, म्हणजे विरोधी पक्षनेतेपदासाठी धरले जाणारे २९ आमदारसुद्धा मिळाले नाहीत. त्या निवडणुकीनंतरचं पहिलं नागपूर अधिवेशन आठवा. १५ डिसेंबरला मंत्र्यांचे शपथविधी, १६ ते २१ अधिवेशन, आणि खातेवाटप २१ च्या रात्री. आठवडाभर मंत्री होते, खाती नव्हती. प्रश्न विचारणार कुणाला?

खालच्या पातळीवर तर त्याहून वाईट. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसले ते वर्षानुवर्षं. महापालिकेत नोव्हेंबर २०२० पासून नगरसेवक नव्हते, निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. ज्या वर्षांत गावचा सदस्य नाही, वॉर्डाचा नगरसेवक नाही, त्या वर्षांत गटारीपासून साकवापर्यंत सगळ्याचं विचारायचं ठिकाण एकच होतं, तुम्ही. त्या काळात आमच्या कार्यालयाकडं येणारे प्रश्न वाढायला हवे होते. आता तिथं बसणारी पोरं सांगतात, लक्षवेधींचा, म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधायच्या सूचनांचा, ढीग वाढला. त्या लक्षवेधींसाठी सकाळी लवकर खास बैठका लावतात, आणि संबंधित मंत्री हजर नाहीत म्हणून त्या पुढं ढकलल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात. लक्षवेधी टीव्हीवर दिसते, हे खरंच. पण गावनिहाय तक्ता मागायला तिची गरज नाही. साधा अतारांकित प्रश्न पुरतो. त्याला गर्दी नाही, कॅमेरा नाही. उत्तर लेखी येतं आणि सहीनिशी येतं.

आता विचारायचं काय, हे तुम्हाला मी शिकवावं असं नाही. पण कुठला प्रश्न आमच्या टेबलावर चटका देईल, ते सांगू शकतो.

जलजीवन मिशन घ्या. १५ ऑगस्ट २०१९ ला घोषणा झाली, प्रत्येक घरी नळ, माणशी दिवसाला ५५ लिटर. मुदत २०२४ ची होती, ती २०२८ पर्यंत गेली. उत्तरात तुम्हाला नेहमी 'जोडण्या' मिळतील. जोडणी म्हणजे दाराशी उभी केलेली तोटी. गगनबावड्यात पावसाळ्यात छत्री टिकत नाही आणि एप्रिलात बायका झऱ्याला रांग लावतात, त्या तोट्या तिथंही उभ्या आहेत. तुम्ही जोडण्या विचारूच नका. अमुक गावांत मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांत किती दिवस पाणी सोडलं आणि किती तास, तेवढं विचारा. हे उत्तर फाईलमधून निघत नाही. त्यासाठी माणसाला गावात जाऊन पाणी सोडणाऱ्याला भेटावं लागतं. पाणी सोडणारा खोटं बोलत नाही, त्याला रोज बायकांच्या शिव्या खायच्या असतात.

पुराचं बघा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांवर गेलं, २०२१ ला पुन्हा तसंच. त्यानंतर दर पावसाळी अधिवेशनात अलमट्टी धरणाच्या उंचीवर भाषणं होतात. ५१९.६० मीटरवरून ५२४ मीटरच्या वर न्यायचा कर्नाटकाचा बेत, त्याला विरोध व्हायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण अलमट्टी कर्नाटकात आहे, चिखली आपल्यात. १९८९ च्या पुरानंतर चिखलीकरांच्या पुनर्वसनासाठी सोनतळीची जागा ठरली, आणि आजही पाणी चढलं की लोक म्हशी घेऊन सोनतळीच्या वाटेला लागतात. तिथले किती प्लॉट प्रत्यक्ष ज्यांच्या नावावर व्हायचे त्यांच्या नावावर झाले, तारखेसह सांगा, हा प्रश्न विचारायला बेळगावकडं बघावं लागत नाही. आणि सांगली-कोल्हापूरच्या पुरासाठी जागतिक बँकेच्या मदतीनं सुमारे ३,२०० कोटींचा जो कार्यक्रम सांगितला जातो, त्यातला कुठला रुपया कुठल्या नाल्यावर, कुठल्या तारखेला पडला, तेही अतारांकितात मावतं.

उसाचं लिहावं की नको, असा विचार केला. लिहितो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. ऊस कारखान्याला घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. कोल्हापुरात हे शेंबड्या पोरालाही माहीत. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपीचे दोन तुकडे करायचा निर्णय काढला, तो मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं रद्द केला. तीन वर्षं तो निर्णय चालला आणि शेवटी शेतकऱ्याला कोर्टात जावं लागलं. सभागृह होतं ना मध्ये? उशिराच्या दिवसांचं व्याज कारखानानिहाय किती झालं आणि किती शेतकऱ्यांच्या खात्यावर गेलं, हा दोन ओळींचा प्रश्न आहे. अडचण मला कळते. तुमच्यातल्या काहींच्या घरातच कारखाना आहे. ज्यांच्या नाही, त्यांनी विचारा.

आरोग्याचं तर आपल्या जिल्ह्यात विचारायलाच पाहिजे, कारण दोन्ही मंत्री आपलेच आहेत आणि आपल्या माणसाला विचारणं म्हणजे वैर नव्हे. रुग्णालयाच्या इमारतींबद्दल विचारू नका, इमारती होतील. शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत १५ ऑगस्टच्या सकाळी सापाच्या लसीच्या किती कुप्या होत्या, आणि त्या रात्री मुक्कामाला डॉक्टर होता की नाही, केंद्रनिहाय सांगा. भात लावणीनंतर साप निघतात, आणि सुट्टीच्या दिवशीही निघतात. ज्या कारकुनाला हे उत्तर लिहावं लागेल, तो पुढच्या १५ ऑगस्टच्या आधी आपणहून साठा तपासेल. माझा शब्द.

पैशाच्या बाबतीत मी फार बोलत नाही, तो माझा प्रांत नव्हे. एवढंच दिसतं की २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा झाला आणि जूनअखेर ५७ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. नवं आर्थिक वर्ष लागून तीन महिने. घरात बायकोनं महिन्याचं सामान भरलं आणि दहा तारखेला पुन्हा यादी दिली, तर आपण विचारतो की नाही, "अगं, तेव्हा सुचलं नव्हतं काय?" कपात सूचनांचं, म्हणजे खात्याच्या मागणीतला पैसा कमी करा असं सुचवून गाऱ्हाणं मांडायच्या सूचनांचं, एक सांगून ठेवतो. त्यांची उत्तरं आमच्याकडं सगळ्यात शेवटी लिहिली जायची, कारण पाठपुरावा करायला कधी कुणी यायचं नाही. एकानं जरी "माझ्या कपात सूचनेचं काय झालं" म्हणून दार ठोठावलं असतं, तर तो गठ्ठा वर आला असता.

आश्वासनांचंही तसंच. मंत्री सभागृहात म्हणतात, "तीन महिन्यांत करू." ते आश्वासन समितीकडं जातं. लोकसभेत तर आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचा दंडकच आहे. आमच्याकडं आश्वासनांची वेगळी नोंदवही असायची, जाड, लाल कापडी बांधणीची. ती वर्षातून एकदा, समितीचा दौरा लागला की निघायची. विधिमंडळाची पंचायत राज समिती येणार म्हटलं की शाळांना रंग, विश्रामगृहाला नवे पडदे, आणि त्या वहीतल्या रकान्यांत एका रात्रीत 'कार्यवाही पूर्ण'. शाईचा रंग सगळ्या पानांवर सारखाच. समितीतल्या कुणीतरी एकानं जरी पान उजेडात धरलं असतं! असो.

माझं एक मागणं आहे, आणि ते प्रश्न विचारण्याच्या पुढचं आहे. उत्तर आलं की ते गावाला द्या. छापील कागदाची एक प्रत काढायची आणि ज्या गावाचा प्रश्न त्या गावच्या ग्रामसभेत वाचायची. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभा होतातच. 'साकवाचा काही भाग क्षतिग्रस्त झाला आहे' हे वाक्य त्या वाडीतल्या लोकांपुढं मोठ्यानं वाचलं असतं, तर ती म्हातारीच उभी राहून म्हणाली असती, "कुठला भाग राहिलाय, दाखव की लेका." मग पुढच्या अधिवेशनात तुमच्या हातात पुरवणी प्रश्न तयार होता, साक्षीदारासकट. आणि उत्तर लिहिणाऱ्यालाही कळलं असतं की आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचतं. तीस वर्षांत मला एकदाही तसं वाटलं नाही, हे कबूल करतो.

त्या सगळ्या काळात उत्तरं लिहिली, प्रश्न एकही लिहिला नाही. आता वेळ आहे. कुणाच्या पीएला प्रश्नाचा मसुदा तपासून हवा असेल तर मी विनामोबदला देईन. सकाळी साडेसहा ते साडेसात रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला असतो, हातात छत्री आणि डोक्याला मफलर, ओळखू येतो. येताना कात्रण आणू नका. गावात जाऊन आलेला माणूस आणा.

कळावे,
आपला,
एक निवृत्त कारकून
कोल्हापूर

ता. क. पत्र लिहून झालं आणि शुक्रवारी त्या पोराचा परत फोन आला. मंगळवारी चार वाजता त्यानं 'माहिती घेण्यात येत आहे' म्हणून तात्पुरतं कळवलं होतं. मग रजा टाकून, स्वतःच्या गाडीवर, स्वतःच्या पेट्रोलनं वाडीला जाऊन आला. ओढ्यावरूनच बोलत होता, पाण्याचा आवाज येत होता.

"सर, तुमच्या फाईलला दोन खांब आहेत. हितं आता एकच हाय. अंशतःच लिहू काय?"